रानकुडीची पाटी

सुजाता, येत्या रविवारी बागेत तुझ्या पाट्या लागणार आहेत. चाळीस झाडं, चाळीस पाट्या. वर शास्त्रातलं नाव, त्याखाली तू गोळा केलेलं आपल्या भागातलं नाव, त्याखाली उपयोग. त्यातली एक पाटी खोटी आहे. ते नाव तुला मी सांगितलं होतं. सांगत होते तेव्हाच मला माहीत होतं की ते खोटं आहे.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. पाच दिवसांचा ताप, अकोल्याचा दवाखाना आणि तिथून गाडीतून परत. बाकीचं ज्याला हवं त्याने प्रकाशला विचारावं. तो माझा मुलगा आहे, पण तुझा नवरा म्हणून त्याच्याशी काय बोलावं ते मला कळत नाही. आम्ही दोघं एकमेकांना जेवायला वाढतो आणि ताटाकडे बघतो. पुण्यानुमोदनाला लोक आले, तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मलाही उभं केलं. मी उभी राहिले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. गहिवर नव्हता. तोंड उघडलं तर रानकुडीचंच निघेल, ही भीती होती.

तुझ्या शाळेतले जोशी सर, तुझ्याबरोबर विज्ञान शिकवायचे ते, घरी आले होते. म्हणाले, "आजी, शाळेच्या अंकात सुजाताबाईंवर तुम्ही लिहा." मी म्हटलं, "माही चौथी झाली सर, थेबी कशीबशी." ते म्हणाले, "जसं बोलता तसं लिहा." मग लिहिते. सासूने सुनेवर लिहिलेलं लोक आवडीने वाचतातच. पण मी लोकांशी बोलत नाही. तुझ्याशी बोलते.

प्रकाशचे बाबा गेले आणि मी रोहिणखेडजवळचं आपलं गाव सोडून बुलढाण्याला तुमच्याकडे आले. तू शाळेत जायचीस, प्रकाश डेपोत. मला दोन खोल्यांत काम नव्हतं. मी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचे आणि संध्याकाळी तू आलीस की तुला. त्याला कंटाळून तू मला बागेत नेलंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू कधी कबूल केलं नाहीस.

"आत्याबाई, चला, बाग दाखवते."

"बागेत काय पाहाचं? लगन हाय का कोनाचं?"

"झाडं बघायची."

"जिंदगीभर तेच पाह्यलं. लाकडं तोडली, पानं तोडली, मोहफुलं येचली. आता पुन्ना तिकीट काढून पाहू?"

"तिकीट नाही. चला की. कामून एवढा भाव खाताय?"

तुझ्या माहेरचं, दुसरबीडकडचं ते 'कामून' मला कधी आवडलं नाही. आता घरात ते कोणी म्हणत नाही.

घाट जिथून उतरायला लागतो तिथली ती बाग. फाटकाशी एक जाडजूड वही होती. नाव, गाव, येण्याचं कारण. तू तुझं लिहिलंस, मग माझं लिहिलंस. मी विचारलं, "माह्यासमोर काय लिवलं?" तू म्हणालीस, "अभ्यास." मी म्हटलं, "पुसून टाक. लोक हासतीन." तू पुसलं नाहीस. त्यानंतर दोन वर्षं आपण दर रविवारी गेलो आणि प्रत्येक वेळी तू माझ्यापुढे अभ्यासच लिहिलंस.

ते माघाचे दिवस होते. काटेसावरीला एक पान नव्हतं, नुसती लाल फुलं. खाली पडलेलं एक तू उचललंस आणि त्यातले तुरे भिंगाखाली धरून मला काय काय सांगायला लागलीस. मी ऐकून घेतलं. मग मी सांगितलं की हिच्या बोंडातला कापूस आम्ही उशीत भरायचो, पण ओल लागली की त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून ती उशी लेकराला द्यायची नाही. तू भिंग खाली ठेवलंस आणि पिशवीतून वही काढलीस.

सुजाता, सही कर म्हणून लोकांनी माझ्यापुढे पुष्कळ वेळा कागद धरले होते. मी बोलते ते कागदावर घ्यायला कोणी बसलं नव्हतं. तू बसलीस, तिथे दगडावर, साडी सावरून. "हळू सांगा आत्याबाई, लिहून होत नाही." मला चढलं. खरं सांगते. या वयात माणसाला मान मिळाला की दारूसारखा चढतो.

मग मी सांगत सुटले. हिवराची साल दारू गाळायला लागते. धावड्याचा डिंक बाळंतिणीला चांगला, पण काढताना झाडाला किती खोल घाव घालायचा हे माहीत हवं. मोह पहाटे गळतो, म्हणून आदल्या दिवशीच खालची जागा झाडून ठेवायची. तू मला शिकवलंस, मी तुला शिकवलं. एकदा उन्हाळ्यात भर दुपारी तू माझा हात धरून कहांडोळाच्या पांढऱ्या खोडावर ठेवलास. आम्ही त्याला भुताचं झाड म्हणायचो आणि लांबून जायचो. खोड गार होतं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ते खोड माठासारखं गार. एकदा तू उंबराचं फळ पातं लावून उघडलंस आणि म्हणालीस, ही सगळी फुलं, आतल्या बाजूला. मी आयुष्यभर उंबर फोडून, किडे झटकून खाल्ले. आपण फुलं खातो हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. मी तुला म्हटलं, "एवढं शिकून हेच शिकली का व तू?" पण त्या दिवशी घरी येऊन मी प्रकाशला तेच सांगितलं, आणि तू स्वयंपाकघरात हसत होतीस ते मला ऐकू आलं.

एक गोष्ट मी लिहिणार नव्हते. पण आता एक खोटं काढायला बसलेच आहे, तर हेही येऊ दे. टेंभुर्णीच्या झाडाखाली तू पोरांना सांगत होतीस की हे नर झाड आहे, याला टेंभरं लागत नाहीत. पोरं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "वांझच म्हन ना मंग." मी झाडाबद्दल बोलले नव्हते, हे तुला कळलं, मलाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती तुमच्या. तू वही मिटलीस. मला वाटलं आता ही रडेल, किंवा घरी जाऊन प्रकाशला सांगेल. तू म्हणालीस, "सावली तर पडतीय ना आत्याबाई? बसा मग गुमान." आणि डबा उघडून मला भाकरी दिलीस. मी ती खाल्ली. चुकलं असं म्हटलं नाही. तेव्हा नाही, पुढेही नाही. तुझा राग कुठे गेला, हे मी तुला विचारायला हवं होतं.

पावसाळ्यात तुझा नियम सुरू झाला. आपल्या भागातली नावं गोळा करायची, पण एकाच्या सांगण्यावरून नाही. एकाने सांगितलेलं नाव त्याच्या घरचं असू शकतं. तीन वेगवेगळ्या गावच्या तिघांनी तेच सांगितलं तर वहीत पक्कं करायचं. रोहिणखेडला माझी भावजय, मलकापूरच्या बाजारातली रानभाजीवाली आणि दुसरबीडला तुझी आई. या तिघींना तू फोन करून करून भंडावून सोडलंस. भावजय मला म्हणाली होती, "तुही सून येडी झाली का व बाई? तरोट्याले काय म्हनता म्हनून इचारते. तरोट्याले तरोटाच म्हनतीन ना, का कलेक्टर म्हनतीन?" तू ते ऐकून तसंच्या तसं वहीच्या कडेला लिहिलंस.

त्याच वर्षी पाऊस सरताना, दसऱ्याच्या पुढेमागे, ते घडलं. तू सातवीची पोरं घेऊन आली होतीस. खडकांच्या कडेला गुडघ्याएवढं एक झुडूप होतं. पानं मऊ, खालून पांढरी. बारीक निळं फूल, मध्ये पिवळा ठिपका. पोरांनी विचारलं, हे काय? तू मोठ्याने म्हणालीस, "आमच्या आत्याबाईंना विचारा. त्यांना माहीत नाही असं झाड या बागेत नाही."

पोरं माझ्याकडे वळली. एक दोन वेण्यांची मुलगी पेन्सिल धरून तयारच होती. मी ते झुडूप जन्मात पाहिलं नव्हतं. मी पानं चोळून वास घेतला, वेळ काढला. मग वर पाहिलं तर तुझ्या कानातल्या कुड्या दिसल्या. माझ्याच त्या, माझ्या आईने मला केलेल्या. मी तुला लग्नात दिल्या आणि पुढे किती वेळा बोलून दाखवल्या. त्यांचा आकार आणि त्या फुलाचा आकार सारखा होता.

"रानकुडी," मी म्हटलं.

"वा," तू म्हणालीस. "आणि कशासाठी वापरतात?"

तिथे तरी मला थांबता आलं असतं. मी म्हटलं, "कान दुखला का पानाचा रस घालते. आमच्या बंधाऱ्यावर लय होती. माह्या मायनं दाखोली." मेलेल्या आईलाही मी त्यात ओढलं. त्या मुलीने लिहून घेतलं. तू लिहून घेतलंस.

मला तीन शब्द बोलायचे होते. मले माहीत नाही. इतकंच. ते शब्द मी मुकादमाला सांगितले आहेत, तलाठ्याला सांगितले आहेत, दवाखान्यात डॉक्टरला सांगितले आहेत. कमीपणा वाटला नाही. पण सुनेसमोर सासूने माहीत नाही म्हणायचं, तेही तिच्या पोरांपुढे, हे माझ्याकडून झालं नाही. घरात मीठ कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी मी तुला कधी विचारलं नव्हतं. शोधत बसायचे.

त्यानंतर अख्खं वर्ष होतं माझ्याकडे. पुन्हा माघ आला, पुन्हा सावर फुलली, पुन्हा उन्हाळा, पुन्हा पावसातला तरोटा. दर रविवारी आपण गेलो. मी त्या खडकांकडून जायचं टाळायचे. एकदा तू म्हणालीस, "रानकुडीकडून जायचं का आत्याबाई?" मी म्हटलं, "तिकडून चढ हाय, गुडघे दुखतेत." तिकडे चढ नाही. जमीन सपाट आहे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "बरं, इकडून जाऊ." ते बघणं मला आता रोज आठवतं. त्यात काय होतं?

आता काय झालं ते ऐक. परवा पाट्यांच्या खांबांसाठी जागा दाखवायला मला बागेत बोलावलं होतं. उत्तम माळी टिकाव घेऊन बरोबर होता. आम्ही त्या खडकांपाशी आलो आणि तो थांबला.

"आजी, एक इचारू का? राग नोका मानू."

"इचार."

"हे झाड तं म्या माह्या हातानं लावलं. तीन वर्सं झाली. लय दुरून गाडीत आलतं, थैलीतलं रोप. आपल्या मुलखात हे होतच नाही, बागेच्या सायबानं सांगतलं होतं. तुमच्या बंधाऱ्यावर कुठून आलं व?"

तो हसत होता. माझं तोंड पाहून थांबला.

"जाऊ द्या आजी," तो म्हणाला. "कोन वाचते पाट्या? अन् वाचलं तं कोनाले समजते?"

उत्तम भला माणूस आहे. त्याने मला वाट करून दिली होती. मी ती घेणारही होते. घरी येईपर्यंत मी मनात ठरवलं की गप्प राहायचं. कारण सरळ होतं. चाळीसमधलं एक नाव खोटं निघालं तर माणसं म्हणतील, बाकीची तरी कशावरून खरी? कोण्या अडाणी म्हातारीने सांगितली आणि बाईंनी लिहून घेतली. तुझं दोन वर्षांचं काम माझ्या एका शब्दापायी पाण्यात जाईल. तुझं दुसरं काय उरलं आहे? मूल नाही. साड्या आहेत, चष्मा आहे, भिंग आहे. आणि ही वही.

आणि गप्प राहिले तर कोणाच्या तरी आईने पाटी वाचून लेकराच्या कानात त्या पानांचा रस घालायचा. ते झाड कसलं आहे, रस विषारी आहे का, मला काय ठाऊक? पाटीवर तुझं नाव असणार. लेकराचा कान गेला तर लोक तुझ्या नावाने खडे फोडतील.

काल जोशी सर तुझी वही आणि पाट्यांची यादी घेऊन आले. "आजी, एकदा नजर घाला. बाईंच्या कामात कानामात्रेचीही चूक नको." ते गेले आणि मी वही उघडली. तू प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखले आहेत. रोहिणखेड, मलकापूर, दुसरबीड. प्रत्येक रकान्यात सांगणारीचं नाव. सगळी पानं तशीच. मी रानकुडीच्या ओळीवर आले.

पहिल्या रकान्यात 'आत्याबाई'. दुसऱ्या रकान्यात 'आत्याबाई'. तिसऱ्या रकान्यात 'आत्याबाई'.

मी भावजयीला फोन लावला. "सुजातानं तुले रानकुडी इचारली होती का व?"

"हाव. मागच्या साली. म्या म्हनलं, असं काही नसते माय. मंग ते हासली अन् म्हने, बरं बरं, ऱ्हाऊ द्या, आत्याबाईले सांगू नोका."

सुजाता, तुला माहीत होतं?

की तुला वाटलं तीन गावं चुकतील, आत्याबाई चुकणार नाही? दोन्हींतलं कोणतंही असो, मला झोपू देत नाही. माहीत होतं तर मला एकटीला गाठून का विचारलं नाहीस? मी चिडले असते, आदळआपट केली असती, दोन दिवस जेवले नसते. मग सांगितलं असतं. पोरांनी चुकीचं उत्तर दिलं तर तू त्यांना पुन्हा लिहायला लावायचीस. मला का सोडलंस? माझा मान राखायला तू तुझा नियम मोडलास, आणि मी तर तुझ्यासाठी कधी भाजीत तिखट कमी घातलं नाही. आणि माहीत नव्हतं, तर तू माझ्यावर इतका विश्वास टाकायला नको होता. मी त्या लायकीची सासू नव्हते. तुला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

हे वरचं सगळं गुरुवारी लिहिलं. मग हात थांबला. आज सोमवार आहे.

शनिवारी सकाळी मी एकटी बागेत गेले. फाटकावरच्या वहीत माझं नाव मीच लिहिलं. येण्याच्या कारणाचा रकाना मी कोरा सोडला. आत जोशी सर आणि उत्तम पाट्या मोजत होते. मी सरांना सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर उठले नसते.

सरांनी हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "आजी, पाट्या रंगवून झाल्या. आणि आता हे बाहेर आलं तर लोक बाकीच्या नावांवरही बोट ठेवतील. बाईंचं नाव खराब होईल. आपण ही एक पाटी गुपचूप बाजूला ठेवू."

"नोका ठेवू. बाकीच्या एकोनचाळीसले तीन तीन बाया हायेत. वही दाखवा लोकायले. ज्याले शंका आली त्याले म्हना, जा रोहिणखेडले, जा मलकापूरले, इचारून ये. हे एकच नाव माह्या भरोशावर हाय, अन् तेच खोटं हाय."

हे मला तिथे बोलताना सुचलं, आधी नाही. तुझा नियम मोडला तिथेच खोटं शिरलं. जिथे पाळलास तिथे कोणी हात लावू शकत नाही. सर चष्मा पुसायला लागले.

"मग या पाटीवर काय लिहायचं? जागा कोरी ठेवू?"

"कोरी नोका ठेवू. कोरी जागा दिसली का मानूस कायबी भरते. म्याबी तेच केलं."

"मग?"

"लिवा, माहीत नाही."

उत्तमने पांढरा रंग आणला. रानकुडीवर एक हात फिरवला, मग कानदुखीच्या ओळीवर. उन्हात वाळायला ठेवली. जरा वेळाने त्यानेच काळ्या रंगाने लिहिलं. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, पण वाचता येतं.

काल रविवारी सगळे आले. सातवीतली पोरं आता आठवीत आहेत. प्रकाश आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, तू गेल्यापासून पहिल्यांदा. पोरं एकेका झाडापाशी जाऊन मोठ्याने वाचत होती आणि सर टाळ्या वाजवायला लावत होते. काटेसावर, धावडा, हिवर, कहांडोळ. मी मागे मागे चालत होते. खडकांपाशी ती दोन वेण्यांची मुलगी पुढे झाली. तिने वाचलं, "स्थानिक नाव, माहीत नाही." आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"आजी, तुमी तं रानकुडी सांगतलं होतं ना?"

सगळे थांबले. सर काहीतरी बोलायला लागले, मी त्यांना हाताने गप्प केलं.

"खोटं सांगतलं होतं," मी म्हटलं. "मले माहीत नव्हतं."

एक पोट्टा फिसकन हसला. मुलगी हसली नाही. तिने दप्तरातून गेल्या वर्षीची वही काढली, पान शोधलं आणि पेन्सिलीने आडवी रेघ मारली. मग म्हणाली, "अन् कानाचं?"

"थेबी खोटं. कोनाच्या कानात घालू नोका. घरी मायले सांगजा."

"मंग काऊन सांगतलं?"

पोरं काऊन विचारतातच. तूच शिकवलंस त्यांना. मी म्हटलं, "तुमच्या मॅडमसमोर मले नाही म्हनता येत नव्हतं."

प्रकाशने मान वर केली. महिनाभरात त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. घरी जाताना रस्ता ओलांडताना त्याने माझा दंड धरला, आणि रस्ता ओलांडून झाल्यावर सोडायचं विसरला.

पण ते नंतरचं. त्याआधी सगळे चहाला गेले तेव्हा मी मागे राहिले. झुडपाला पाच-सहा फुलं होती. दवाखान्यात तुझ्या कानातून काढून कागदात गुंडाळून दिलेल्या कुड्या माझ्या पदराच्या गाठीत असतात. गाठ सोडली आणि एक कुडी फुलाशेजारी धरली. आकार तितका सारखा नव्हताच. मला तेव्हा घाईत तसा वाटला होता.

आता पुढच्या महिन्यात सावर फुलेल. मी येईन, कारण घरी बसून काय करू? फूल उचलीन. भिंग तुझ्या टेबलावर आहे, ते मला धरता येत नाही, हात हलतो. मोह गळायला लागला की कोणाला सांगू, जागा आजच झाडून ठेव म्हणून? तू दगडावर बसून लिहून घ्यायचीस ते आता कोण घेणार? प्रकाशला परत कसं बोलतं करायचं? त्याच्या ताटाशी बसून काय म्हणायचं असतं? टेंभुर्णीखाली मी जे बोलले ते तुझ्या मनात कुठवर गेलं होतं? रानकुडीचं तुला ठाऊक होतं का? सगळी उत्तरं तुझ्याकडे राहिली, आणि मी तिथे पाटीसमोर उभी होते.

मग मी ते मोठ्याने म्हटलं. पोरांसमोर म्हटलं होतं, पण तुझ्यासमोर म्हणायचं राहिलं होतं.

"सुजाता, मले माहीत नाही व."

उत्तम पलीकडे टिकाव धुत होता. तो ओरडला, "काही म्हनलं का आजी?"

मी म्हटलं, "तुले नाही."